गुप्तवार्तेची देवाणघेवाण आणि अंतर्गत सुरक्षा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (१९९९ ते २०१२)

प्रस्तावना :
दहशतवादी हल्ल्यानंतर गुप्तचर यंत्रणा अपयशी ठरल्या, असा निष्कर्ष सहजपणे काढला जातो. परंतु माहिती न मिळणे आणि मिळालेली माहिती योग्य ठिकाणी न पोहोचणे या दोन भिन्न बाबी होत. प्रस्तुत लेखात दुसऱ्या बाबीचा विचार भारताच्या संदर्भात केला आहे.

कारगिलनंतरचे प्रयत्न :
१९९९ च्या कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमण्यात आली. गुप्तचर संस्था आणि त्यांच्या माहितीचा वापर करणारे विभाग यांच्यात समन्वयाची संस्थात्मक व्यवस्था नाही, हे या समितीने निदर्शनास आणले. पुढे लालकृष्ण अडवाणी यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिगटाने फेब्रुवारी २००१ मध्ये अहवाल सादर केला. त्याच वर्षाच्या अखेरीस इंटेलिजन्स ब्युरोमध्ये ‘मल्टी एजन्सी सेंटर’ (मॅक) स्थापन झाले. मात्र केंद्र स्थापन झाले, तरी त्याला माहिती देण्याचे स्पष्ट बंधन इतर संस्थांवर नव्हते.

मुंबई हल्ल्याचा धडा :
२६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत उतरले. या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. मुंबईवर हल्ल्याचा धोका असल्याच्या सूचना तत्पूर्वी आलेल्या होत्या. परंतु त्या सुट्या सुट्या राहिल्या. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने अशा सूचना हाताळण्याबाबत राज्य पातळीवर गोंधळ असल्याचे नमूद केले. म्हणजेच माहिती दिल्लीहून निघाली, तरी ती कोणी वाचावी, तिच्यावर कोणी कृती करावी आणि त्याची नोंद कोणी ठेवावी, हे निश्चित नव्हते.

३१ डिसेंबर २००८ च्या आदेशान्वये ‘मॅक’ला माहिती देणे इतर संस्थांवर, आणि ती राज्यांसह सर्वांना पुरविणे ‘मॅक’वर बंधनकारक करण्यात आले. त्याच दिवशी राष्ट्रीय तपास संस्थेचा (एनआयए) कायदाही अमलात आला.

संघराज्याची मर्यादा :
फेब्रुवारी २०१२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र (एनसीटीसी) स्थापन करण्याचा आदेश काढला. इंटेलिजन्स ब्युरोच्या अखत्यारीतील या केंद्रास अटक व झडतीचे अधिकार देण्याची तरतूद होती. पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यसूचीत असल्याने अनेक मुख्यमंत्र्यांनी विरोध केला आणि ते केंद्र अस्तित्वात आले नाही. हा विरोध केवळ पक्षीय होता असे म्हणता येणार नाही. माहिती गोळा करणाऱ्या संस्थेकडेच अटकेचा अधिकार असावा काय, हा नागरी स्वातंत्र्याशी निगडित मूलभूत प्रश्न त्यामागे होता.

निष्कर्ष :
या कालखंडात प्रत्येक आपत्तीनंतर नवी संस्था उभारण्याकडे आपला कल राहिला. परंतु देवाणघेवाण केवळ संस्थेने साध्य होत नाही. त्यासाठी परस्परविश्वास आणि उत्तरदायित्व आवश्यक असते. राज्यांच्या अधिकारांचा संकोच न करता, प्रत्येक सूचना कोणाला मिळाली व तिच्यावर काय कार्यवाही झाली याची नोंद ठेवणे आणि ठाणे पातळीवरील माहितीलाही वर जाण्याचा मार्ग खुला ठेवणे, हाच त्यातल्या त्यात व्यवहार्य उपाय होय. किनाऱ्यावरील पोलीस शिपाई व कोळी बांधव या साखळीत आले नाहीत, तर दिल्लीतील केंद्र कितीही सुसज्ज असले तरी अपुरेच ठरेल.