‘बँक’ हे नाव आणि ठेवीदाराचे संरक्षण : १९१३ ची पडझड व खानदेशचा अनुभव

प्रस्तावना

इ.स. १९१३ च्या सप्टेंबर महिन्यात लाहोरच्या पीपल्स बँक ऑफ इंडियाने आपले व्यवहार बंद केले आणि त्याच वर्षी २९ नोव्हेंबर रोजी मुंबईच्या इंडियन स्पीशी बँकेने देणी थांबविली. पुढील काही वर्षे बँका बुडण्याचे सत्र चालूच राहिले. उपलब्ध आकडेवारीनुसार १९१३ मध्ये १२, १९१४ मध्ये ४२ आणि १९१३ ते १९१७ या पाच वर्षांत मिळून ८७ बँका बुडाल्या. आर्थिक इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत या घटनेला बहुधा एक परिच्छेद मिळतो. स्वदेशीच्या उत्साहात बँका निघाल्या, सट्ट्यात बुडाल्या आणि पुढे रिझर्व्ह बँक आली, असा त्याचा आशय असतो.

प्रस्तुत लेखात याच घटनेकडे ठेवीदाराच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. बँक बंद झाल्यानंतर ठेवीदाराच्या हाती काय उरते, या प्रश्नाचे कायद्याने दिलेले उत्तर १९१३ नंतर कसे बदलत गेले आणि त्या बदलातून कोण बाहेर राहिले, हे तपासणे हा लेखाचा हेतू होय. जळगाव-धुळे परिसरात इतिहास शिकविणाऱ्याला हा प्रश्न केवळ अभ्यासक्रमाचा राहिलेला नाही.

कापसाचा हंगाम आणि रोकड

पीपल्स बँक सप्टेंबरात व स्पीशी बँक नोव्हेंबरात बंद पडावी, हा केवळ योगायोग नव्हे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस बाजारात येऊ लागला की मुंबईच्या नाणेबाजारातील रोकड खानदेश, वऱ्हाड व गुजरातकडे वाहू लागे. शेतकऱ्याला कापसाचे पैसे रोख हवे असत. आडत्याला ते सराफाकडून, सराफाला हुंडीवर मुंबईहून मिळत. जळगाव, अमळनेर, धुळे येथील जिनिंग-प्रेसिंग कारखाने सुरू झाले की मुंबईत व्याजाचे दर चढत आणि होळीनंतर ते उतरत. ज्या बँकेने मागणीवर परत करावयाच्या ठेवी दीर्घ मुदतीच्या कर्जात अडकविल्या असतील, तिच्यासाठी वर्षातील सर्वांत कठीण काळ हाच असे.

खानदेशाला बाजार कोसळण्याचा अनुभव नवा नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली होती. युद्ध संपताच भाव कोसळले. मुंबईत शेअरबाजाराचा फुगा फुटला आणि १८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. तथापि त्या काळी खानदेशातील सामान्य माणसाचा बँकेशी संबंध जवळजवळ नव्हता. त्याचे नाते सावकाराशी होते आणि तेही ठेवीदाराचे नसून ऋणकोचे होते. विसाव्या शतकात ‘ठेवीदार’ हा वर्ग आकाराला येऊ लागला. वकील, शिक्षक, सरकारी नोकर, लहान व्यापारी, विधवा आणि निवृत्त माणसे यांची शिल्लक संयुक्त भांडवलाच्या बँकांकडे जाऊ लागली, हे या काळाचे वेगळेपण मानावे लागेल.

१९१३ : नाव बँकेचे, धंदा सट्ट्याचा

१९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीने देशी भांडवलाच्या बँकांना मोठी चालना दिली. बँक ऑफ इंडिया (१९०६) व सेंट्रल बँक ऑफ इंडिया (१९११) या टिकल्या. अनेक टिकल्या नाहीत. ‘बँक’ हा शब्द नावात घालण्यास कोणतीही कायदेशीर आडकाठी नव्हती. अधिकृत भांडवल लाखांत छापायचे, वसूल भांडवल काही हजारांत ठेवायचे आणि जास्त व्याजाच्या आमिषाने ठेवी गोळा करायच्या, असा अनेक लहान बँकांचा परिपाठ होता. किती रोकड हाताशी ठेवावी याचे बंधन नव्हते.

इंडियन स्पीशी बँक ही मात्र लहान संस्था नव्हती. तिचे वसूल भांडवल सुमारे ७५ लाख रुपये होते. तिचे सूत्रधार चुनीलाल सरैया यांनी बँकेचा पैसा चांदीच्या प्रचंड सट्ट्यात गुंतविला. नाणी पाडण्यासाठी सरकारला चांदी घ्यावीच लागेल आणि ती आपल्याकडूनच घ्यावी लागेल, असा त्यामागील हिशेब होता. सरकारने १९१२ मध्ये लंडनच्या सॅम्युएल माँटेग्यू पेढीमार्फत गुप्तपणे चांदी खरेदी केली आणि हा हिशेब चुकला. या गुप्त खरेदीवरून इंग्लंडच्या पार्लमेंटात गदारोळ झाला. परंतु मुंबईच्या ठेवीदाराच्या दृष्टीने तो गदारोळ निरुपयोगी होता.

त्याच वर्षी जॉन मेनार्ड केन्स यांचा भारतीय चलनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारतात कधीही न आलेल्या या अर्थशास्त्रज्ञाने देशी बँकांची रोकड फारच अपुरी असून पहिल्याच वाईट काळात त्या कोसळतील, असे त्यात नमूद केले होते. ग्रंथ बाजारात आला त्याच वर्षी ते खरे ठरले.

प्रेसिडेन्सी बँकांनी देशी बँकांना मुद्दाम बुडू दिले, असे मत राष्ट्रीय विचाराच्या लेखकांनी मांडले आहे. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. परंतु ते पूर्णपणे स्वीकारणेही कठीण आहे. सोराबजी पोचखानावाला यांची सेंट्रल बँक संपूर्ण देशी होती आणि ती त्याच बाजारात, त्याच महिन्यांत तग धरून राहिली. खरी उणीव अशी की, अडचणीतील पण सुस्थित बँकेला तात्पुरती रोकड देण्याचे कर्तव्य कोणत्याही संस्थेवर नव्हते. मध्यवर्ती बँकच अस्तित्वात नव्हती. बँक बंद झाल्यावर ठेवीदार हा इतर धनकोंसारखाच एक धनको ठरे आणि अवसायक जेवढी मालमत्ता विकू शकेल तेवढ्यातून, जेव्हा मिळेल तेव्हा, हप्त्याहप्त्याने त्याला रक्कम मिळे.

अमेरिकेतील लहान गावांचा प्रयोग

याच कालखंडात अमेरिकेतील ठेवीदार अशाच अवस्थेतून जात होता. २२ ऑक्टोबर १९०७ रोजी न्यूयॉर्कमधील निकरबॉकर ट्रस्ट कंपनी बंद पडली आणि न्यूयॉर्कच्या बँकांनी रोख रक्कम देणे आखडते घेतले. शरद ऋतूत पिके बाजारात येत असताना दूरच्या गावांतील बँकांना न्यूयॉर्कमध्ये ठेवलेली स्वतःचीच शिल्लक मिळेना. कित्येक ठिकाणी स्थानिक बँकांच्या मंडळांनी काढलेल्या कागदी दाखल्यांवर व्यवहार चालले. मुंबई आणि खानदेश यांच्यातील हंगामी नात्याशी हे चित्र फारच मिळतेजुळते आहे.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. पहिली सर्वपरिचित आहे : २३ डिसेंबर १९१३ रोजी, म्हणजे स्पीशी बँक बंद पडल्यानंतर महिन्याभरात, फेडरल रिझर्व्हचा कायदा मंजूर झाला. दुसरी आपल्याकडे फारशी शिकविली जात नाही. ओक्लाहोमा या नवजात राज्याने १९०७ च्या डिसेंबरातच बँकांच्या वर्गणीतून ठेवींची हमी देणारा कायदा केला आणि पुढे आणखी सात राज्यांनी त्याचे अनुकरण केले. शेतमालाचे भाव १९२० नंतर कोसळले तेव्हा या हमी-निधींवरील भार असह्य झाला. ओक्लाहोमाची योजना १९२३ मध्ये गुंडाळली गेली व इतरांचीही तीच गत झाली. एका राज्यातील सर्व बँका एकाच पिकावर अवलंबून असतील तर त्या एकाच वेळी अडचणीत येतात, हे त्यातून दिसून आले. १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवींना राष्ट्रीय विमा लागू झाला, त्यामागे हा फसलेला प्रयोग होता.

१९४९ ते १९६१ : शब्दाला कुंपण

भारतात रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये स्थापन झाली, पण बँकांवर तिची प्रभावी देखरेख १९४९ च्या बँकिंग कंपनी कायद्यानंतरच आली. परवाना बंधनकारक झाला आणि ‘बँक’ हा शब्द कोणी वापरावा यावर मर्यादा आली. १९१३ चा धडा इतक्या उशिरा का होईना, कायद्यात उतरला.

तरीही १९६० मध्ये दोन अनुसूचित बँका बुडाल्या. केरळातील पालाई सेंट्रल बँकेची कथा बरीच लिहिली गेली आहे; अकोल्याच्या लक्ष्मी बँकेचा उल्लेख मात्र बहुधा तिच्या जोडीने, एका ओळीत येतो. वऱ्हाडच्या कापूस-पेठेतील ही बँक आपल्या भुसावळ-नागपूर लोहमार्गावरची असूनही आपल्या अभ्यासकांनी तिच्याकडे पाहिलेले नाही, ही खेदाची बाब आहे. या दोन बँकांच्या पडझडीतून ठेव विमा महामंडळाचा कायदा १९६१ मध्ये झाला व १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या १,५०० रुपयांपर्यंतच्या ठेवीला विमा मिळाला. सुरुवातीला २८७ बँका विमाधारक होत्या. दुर्बळ बँकांच्या विलीनीकरणामुळे १९६७ अखेर ही संख्या १०० वर आली. सहकारी बँकांना हे छत्र १९६८ च्या दुरुस्तीनंतर, प्रत्यक्षात १९७१ पासून मिळू लागले. विम्याची मर्यादा १९९३ मध्ये एक लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये झाली.

कुंपणाबाहेरचा ठेवीदार

येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी लागते. १९१३ मध्ये ‘बँक’ हे नाव कोणालाही घेता येत होते, म्हणून ठेवीदार फसला. १९४९ नंतर ते नाव राखीव झाले आणि पुढे संरक्षणही त्या नावाशी जोडले गेले. बिगरशेती सहकारी पतसंस्था ठेवी घेते, कर्जे देते, मुदत ठेवीची पावती फाडते, दैनंदिन बचत गोळा करण्यासाठी प्रतिनिधी दारोदार पाठविते. परंतु कायद्याच्या दृष्टीने ती बँक नाही. तिच्यावर परवान्याचे बंधन नाही आणि तिच्या ठेवींना विमा नाही. १९८० नंतर जळगाव व धुळे जिल्ह्यांत वाढलेल्या पतसंस्थांना ‘आमची बँक’ म्हणणारा ठेवीदार हा भेद जाणत नव्हता. व्याजाचा चढा दर हेच त्याला पुरेसे वाटले. ओळखीचे संचालक मंडळ हेच त्याचे तारण होते.

इ.स. २००७ च्या सुमारास जळगाव जिल्ह्यातील अनेक पतसंस्था ठेवी परत करू शकल्या नाहीत. संस्थांच्या दारांवर झुंबड उडाली, ठेवीदारांच्या संघटना झाल्या, मोर्चे निघाले. पुढे सहकार कायद्याची पायरी-पायरीची वाट सुरू झाली : कलम ८३ ची चौकशी, कलम ८८ खाली संचालकांची जबाबदारी निश्चिती, कलम १०१ चे वसुली दाखले. दरम्यान ज्याला औषधासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे होते, त्याने काय करावे याचे उत्तर या कलमांत नव्हते. जळगावातच मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी बहुराज्य सहकारी पतसंस्थेवर २०१५ मध्ये अवसायक नेमला गेला. २०२० मध्ये खुद्द अवसायनाच्या कारभाराचाच पोलीस तपास सुरू झाला. ठेवीदारांच्या पावत्या अल्प किमतीत घेऊन त्या कर्जफेडीत पूर्ण किमतीने वळत्या केल्या, असा आरोप त्यात होता. न्यायालयीन निर्णय जो लागेल तो लागो. गरजू ठेवीदार आपली पावती कमी भावात सोडून देण्यास तयार होतो, ही परिस्थिती मात्र कोणत्याही आरोपाआधीची आहे.

१९१३ च्या ठेवीदारासमोर अवसायकाचा हप्ता हाच मार्ग होता आणि २००७ च्या खानदेशी ठेवीदारासमोरही तोच होता. मधल्या शतकात मध्यवर्ती बँक, परवाना आणि विमा या तिन्ही गोष्टी आल्या होत्या. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या २०१९ च्या संकटानंतर निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारास ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली. तीही विमा असलेल्या बँकांपुरतीच आहे.

प्रस्तुत लेखकाच्या घरी लोखंडी पेटीत अशीच एक पावती आहे. आजोबांनी निवृत्तीच्या पैशांतून गावातील एका पतसंस्थेत ठेवलेली रक्कम तीवर अक्षरी व अंकी लिहिलेली आहे. खाली व्यवस्थापक व अध्यक्ष यांच्या सह्या आहेत, सहकार खात्याचा नोंदणी क्रमांक आहे आणि मागील बाजूस तीन वेळा ठेव नूतनीकरणाचे शिक्के आहेत. चौथा शिक्का नाही.