बीड आणि जर्मन : चार सिलिंडरच्या मोटार-इंजिनातील दोन धातू

मोटारीच्या इंजिनाचा इतिहास सांगताना बिडाच्या ठोकळ्याची जागा अॅल्युमिनियमने घेतली व त्यामुळे वजन घटले, एवढे नोंदवून पुष्कळ लेखक पुढे जातात. युरोप-अमेरिकेपुरते हे विधान ढोबळ मानाने खरे आहे. महाराष्ट्रात बांधल्या गेलेल्या चार सिलिंडरच्या मोटारींत मात्र हा ठोकळा (कारागिरांच्या बोलीत 'ब्लॉक') विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रायः बिडाचाच राहिला. ह्याची उपपत्ती 'मागासलेपण' ह्या एकाच शब्दाने लावण्याची सवय जुनी आहे. परंतु ती पुरेशी नाही. लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या गावी उभे राहून ह्या प्रश्नाकडे पाहिले, म्हणजे धातूच्या गुणावगुणांपूर्वी दुसराच एक प्रश्न समोर येतो : झिजलेले इंजिन कोण, कोठे आणि कशाने दुरुस्त करणार?

प्रथम शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. ओतीव लोखंडाला मराठीत 'बीड' हा स्वतंत्र शब्द आहे. बिडाचा तवा घरोघरी माहीत असतो, आणि तो आपटला तर वाकत नाही, फुटतो, हेही माहीत असते. (बीड शहराच्या नावाशी ह्या शब्दाचा संबंध जोडण्याचा मोह मराठवाड्यात अनेकांना होतो, तो आवरलेला बरा.) अॅल्युमिनियमची गोष्ट निराळी आहे. त्याच्या भांड्यांना खेड्यापाड्यांत 'जर्मन' किंवा 'जर्मल' म्हणतात. 'जर्मन सिल्व्हर' हे तांबे, निकेल व जस्त ह्यांच्या पांढऱ्या मिश्रधातूचे नाव. पुढे स्वस्त पांढरे भांडे आले, तेव्हा नावाचा पूर्वार्ध त्याला चिकटला. ज्या जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नाही, त्याचे नाव अशा धातूला मिळाले की ज्यात जर्मन सिल्व्हरही नाही. एका धातूशी भाषेचा परिचय जुना आणि दुसऱ्याशी उसना, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तीच गाडी पुढे १९६४ मध्ये 'डिलाइट', १९७४ मध्ये 'पद्मिनी' झाली व २००० च्या सुमारास बंद पडली. तिच्या इंजिनाचा वंश इटलीतील १९३७ च्या फियाट ५०८ सी पर्यंत मागे जातो. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर व्यास, ७५ मिलिमीटर धाव, एकूण १०८९ घनसेंटिमीटर, ही मापे ह्या सर्व काळात टिकून राहिली. ठोकळा बिडाचा, वरचे झाकण, म्हणजे 'हेड', अॅल्युमिनियमचे. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत जोडलेल्या विलिस जीपचे चार सिलिंडरचे इंजिनही बिडाच्याच ठोकळ्याचे होते. १९८५ ची प्रीमियर ११८ एनई गाडी आधुनिक म्हणून गाजली. तिच्यातील निसानच्या ११७१ घनसेंटिमीटरच्या इंजिनात पुन्हा तीच जोडी आढळते.

बिडाचे सामर्थ्य त्याच्या घडणीत आहे. करड्या बिडातील तीन-साडेतीन टक्के कार्बन बहुतांशी ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने असतो. हे पापुद्रे घर्षणात वंगणाचे काम करतात, कंप शोषतात आणि कातकामात धातूचा चुरा सहज पाडतात. त्यामुळे पिस्टन थेट बिडाच्या भिंतीवर धावू शकतो. अॅल्युमिनियमच्या साध्या मिश्रधातूवर तसे चालत नाही. तेथे भिंतीसाठी निराळी योजना करावी लागते. उलट बिडाची घनता सुमारे ७.२ आणि अॅल्युमिनियमची २.७. वजनाच्या हिशेबात बीड हरते, ह्यात वाद नाही.

आता मुरुडकडे वळावे. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, नंतर उस्मानाबाद जिल्ह्यात आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात असलेल्या ह्या टापूत कच्च्या रस्त्यावरील धूळ हा इंजिनाचा मोठा शत्रू. गाळणीतून निसटलेली धूळ पिस्टनच्या कड्यांबरोबर सिलिंडरची भिंत खरवडते; भोक वरच्या बाजूस अधिक रुंदावते व लंबगोल होते; इंजिन तेल पिऊ लागते. बिडाच्या ठोकळ्याला ह्यावर उपाय आहे. गावातल्या गॅरेजात इंजिन उतरवता येते. ठोकळा लातूर, बार्शी किंवा सोलापूरच्या यंत्रशाळेत नेऊन भोक मिलिमीटरच्या काही दशांशांनी वाढवता येते, आणि तेवढ्या वाढीव मापाचे पिस्टन बसवता येतात. जीपसाठी असे पिस्टन इंचाच्या दहा, वीस, तीस सहस्रांशांनी मोठे मिळत. भिंत पातळ झाली की बिडाची नळी, म्हणजे 'लायनर', ठोकून मूळ मापावर परत येता येते. एकच ठोकळा अशा रीतीने अनेकदा जन्म घेतो. ह्या क्रियेला कारागीर 'बोअर मारणे' म्हणतात. मराठवाड्यात विंधन विहीर खोदण्यालाही हेच शब्द आहेत. दोन्ही ठिकाणी खर्च मोठा असतो.

तथापि, बिडाचा ठोकळा आणि अॅल्युमिनियमचे हेड ह्या संयोगातच एक दुखणे होते. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. चाळीस अंशांवरच्या उन्हात रेडिएटरचे पाणी आटले तर हेड वाकते, मधले गॅस्केट जाते आणि पाणी तेलात उतरते. शिवाय विहिरीचे क्षारयुक्त पाणी दोन भिन्न धातूंना एकाच वेळी स्पर्श करत असल्याने विद्युत्-रासायनिक क्रियेत अॅल्युमिनियमच आधी खाल्ले जाते. गंजरोधक द्रव वापरणाऱ्या देशांत ही अडचण किरकोळ ठरली. जेथे घागरीतले पाणी रेडिएटरमध्ये जाई तेथे ती किरकोळ नव्हती. संपूर्ण अॅल्युमिनियमच्या इंजिनाविषयीचा अविश्वास केवळ अज्ञानातून आला नाही, तो हेडच्या अनुभवातून आला असावा, असे मानण्यास जागा आहे.

ह्या अविश्वासाला पुष्टी देणारे उदाहरण खुद्द अमेरिकेत घडले. जनरल मोटर्सने १९७० मध्ये शेव्हरोले व्हेगा ही गाडी आणली. तिच्या २.३ लिटर इंजिनात रूढ जोडी उलटी केलेली होती : हेड बिडाचे, ठोकळा सुमारे १७ टक्के सिलिकॉन असलेल्या अॅल्युमिनियमचा, आणि आत लायनर नाहीच. भिंतीवरचा अॅल्युमिनियम किंचित खरवडून उघडे केलेले सिलिकॉनचे कठीण कण पिस्टनला आधार देत. इंजिन एकदा जास्त तापले की ही भिंत बिघडे. अखेरीस अशी इंजिने दुरुस्त करताना त्यांत लोखंडी लायनरच ठोकावे लागले. १९७७ मध्ये व्हेगा बंद झाली.

परंतु ह्यावरून अॅल्युमिनियम दुरुस्तीस अयोग्य असा सिद्धान्त काढणे चुकीचे होईल. १९६५ च्या रेनो १६ ह्या फ्रेंच गाडीचा ठोकळा अॅल्युमिनियमचाच होता. मात्र त्यात बिडाचे सुटे लायनर बसवलेले असून त्यांच्याभोवती थेट पाणी खेळे. झिजलेला लायनर उपसून नवा बसवणे बोअर मारण्यापेक्षाही सोपे. म्हणजे निर्णायक गोष्ट ठोकळ्याचा धातू नसून भिंत बदलता येते की नाही, ही आहे.

मग हा मार्ग येथे का रुजला नाही? एक कारण ओतकामाच्या परंपरेत सापडते. १९१० पासून किर्लोस्करवाडीत बिडाचे नांगर घडले. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने खडकीत डिझेल इंजिने केली. कोल्हापूरचे ओतकारखाने ऑइल इंजिनांवर वाढले. वाळूचा साचा, कोक आणि भट्टी ह्यांवर ही विद्या उभी होती. अॅल्युमिनियमचा ठोकळा मोठ्या संख्येने ओतण्यास दाबाची महागडी यंत्रे व पोलादी साचे लागतात, आणि ती गुंतवणूक थोड्या गाड्या विकणाऱ्या कारखान्यास परवडत नाही. विशेष हे की अॅल्युमिनियमचे खनिज, बॉक्साइट, कोल्हापूरच्याच डोंगरांत निघते आणि शुद्धीकरणासाठी बेळगावास जाते.

पुढे डिझेलने बिडाला आणखी आयुष्य दिले. रांजणगाव येथे २०२० पर्यंत बनलेले फियाटचे १२४८ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बिडाच्याच ठोकळ्याचे होते, कारण डिझेलचा दाब पेलण्यास हा धातू स्वस्तात उपयोगी पडतो. चाकणला बांधलेल्या पोलो जीटी टीएसआय गाडीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल-इंजिनात मात्र ठोकळा अॅल्युमिनियमचा असून बिडाचे पातळ लायनर त्यातच ओतून पक्के केलेले आहेत. काही आधुनिक इंजिनांत तर लायनरही नाही. भिंतीवर वितळलेल्या लोखंडाचा मिलिमीटरच्या अंशाएवढा थर फवारतात. बीड गेले असे ज्यांत दिसते, त्या ठोकळ्यांतही पिस्टन बहुधा लोखंडावरच धावतो. गेली आहे ती वाढीव मापाची सोय : पातळ भिंतीत बोअर मारण्यास जागा उरत नाही, आणि बहुधा ठोकळाच बदलावा लागतो.

मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. अशी गाडी भंगारात निघाली, की तिच्या इंजिनाचे दोन ढीग होतात. ठोकळा बिडाच्या भावाने जातो, हेड आणि पिस्टन जर्मनच्या.