डाव्या बोटावरचा दोरा

माझी आजी लोकरीचा दोरा डाव्या तर्जनीवर घ्यायची. धारवाडच्या मालमड्डीतल्या बाकीच्या बायका उजव्या हातानं दोरा सुईवरून फिरवत. आजी मात्र डाव्या बोटावर ताणून धरलेला दोरा उजव्या सुईच्या टोकानं नुसता उचलायची. हात हलतोय की नाही कळायचं नाही, मोजा तेवढा वाढत असायचा. शेजारच्या काकू म्हणायच्या, "वहिनी, तुमचं विणणं जगाच्या उलटं आहे बघा." आजी म्हणायची, "उलटं कुठलं, सासूबाईंचं आहे."

खरं तर धारवाडला लोकरीच्या पायमोज्यांची गरजच नाही. गाव ७५० मीटरच्या आसपास उंचीवर, पाऊस भिजवून काढणारा. पण ऐन पौषातही पहाटेचा पारा १४-१५ अंशांवर रेंगाळतो. शेतावर सीतनी, म्हणजे आपला हुरडा, खायला बसलं की तीही थंडी पळते. तरी आकाशकंदील उतरला की आजीची लोकरीची पिशवी माळ्यावरून खाली यायची. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघाली की परत वर जायची.

मोजा विणायला बसली की आजीशी बोलायचं नाही. ६० टाके, तीन सुयांवर २०-२० वाटलेले, चौथी सुई विणायला. दोन सुलट, दोन उलट करत घोट्यापर्यंत यायचं. मग निम्मे टाके बाजूला ठेवून उरलेल्या ३० टाक्यांवर टाचेची पट्टी मागे-पुढे विणायची. पुढे टाच वळवायची, पट्टीच्या कडांवरून नवे टाके उचलायचे आणि कमी करत करत परत ६० वर यायचं. एक टाका निसटला की शिडीसारखी उसवण खालपर्यंत. "सारखं मोजत राहायचं, म्हणून मोजे," असं आजीचं व्याकरण. शब्द फारसीतून आलाय, हे मी कॉलेजात गेल्यावर तिला ऐकवलं. ती म्हणाली, "फारसीतही मोजावं लागत असेलच की." आमच्या कामवाल्या अव्वाला या शब्दाची भानगडच नव्हती. कन्नडमध्ये मोजा म्हणजे 'कालुचील', पायाची पिशवी. झालं!

सुया बाजारच्या नव्हत्या. धाकट्या काकांनी हुबळीच्या एका सायकलवाल्याकडून जुन्या चाकाच्या तारा आणल्या, कापल्या आणि टोकं दगडावर घासून गुळगुळीत केली. लोकर मात्र बाहेरून यायची. आमच्या मुलखात मेंढ्या काही कमी नव्हत्या. तेव्हा धारवाड जिल्ह्यात आणि आता हावेरीत असलेलं मेडलेरी कांबळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण दख्खनी मेंढीची लोकर भरड. चिंचोक्याची खळ देऊन तिचं कांबळं विणलं तर पाऊस अडवतं, मोजा विणला तर पाय सोलून काढील. म्हणून मऊ लोकरीच्या लड्या उत्तरेकडच्या गिरण्यांतून येत.

आता त्या सासूबाईंची, म्हणजे माझ्या पणजीची गोष्ट. आजीनं ती मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली.

पणजी लग्न होऊन धारवाडला आली तेव्हा १२-१३ वर्षांची होती. वाटेवर मिशनच्या एका मडमेचं घर होतं. मडम ओसरीवर बसून मोजे विणायची आणि ही पोर फाटकाशी थबकायची. एके दिवशी मडमेनं सुया हातात दिल्या. घरी कळलं तेव्हा रण माजायला हवं होतं. पण पणजीची सासू सोवळ्याची जाणकार. तिनं निकाल दिला: पाणी प्यायचं नाही, चटईवर बसायचं नाही, लोकर खुशाल घ्यावी, लोकरीला विटाळ नसतो. लोकरीचीच धाबळी नेसून स्वयंपाक करणाऱ्या घरात हा निकाल बिनतोड होता.

पुढे १९१४ साली युद्ध पेटलं. मडमेच्या घराला कुलूप लागलं आणि एका पायाचा मोजा पणजीकडेच राहिला. आजी म्हणायची, "इंग्रज बाई होती, लढाईला घाबरून मायदेशी गेली."

पणजीच्या हातातून सुया आजीच्या हातात आल्या. २० ऑक्टोबर १९६२ ला चीननं हल्ला केला. लडाख आणि ईशान्य सीमेवरच्या नेफाच्या बर्फात आपले जवान अपुऱ्या कपड्यांनिशी उभे आहेत, हे वर्तमानपत्रातून कळलं आणि देशभर बायकांनी सुया काढल्या. बर्फ कधी न पाहिलेली आजीही बसली. पायमोजे आणि हातमोजे. हातमोज्यात अंगठ्याला वेगळं घर, बाकी चार बोटांना मिळून एक, "म्हणजे बोटं एकमेकांना ऊब देतात." २१ नोव्हेंबरला युद्ध थांबलं. आजीचं विणणं शिवरात्रीपर्यंत चाललं. "युद्ध थांबलं म्हणून बर्फ वितळला का?" ती विचारायची.

आजी गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका विणकामाच्या पुस्तकात मला दोन चित्रं शेजारी शेजारी दिसली. एकीच्या उजव्या हातात दोरा: इंग्रजी पद्धत. दुसरीच्या डाव्या तर्जनीवर दोरा, अगदी आजीसारखा. खाली लिहिलं होतं: जर्मन पद्धत.

मग सगळे टाके जुळले. धारवाडला १८३७ पासून बासेल मिशन होतं. १८९४ साली कन्नडचा थोर शब्दकोश काढणारे किटेल याच मिशनचे. मिशन स्वित्झर्लंडमधलं, पण माणसं बहुतेक जर्मनीतली. १९१४ नंतर इंग्रज सरकारनं इथल्या जर्मनांना शत्रू ठरवून नजरकैदेत टाकलं. अहमदनगरला त्यांची छावणी होती. मडम इंग्रज असती तर तिच्या घराला कुलूप कशाला लागलं असतं? आजीच्या गोष्टीत देश चुकला होता, बोट चुकलं नव्हतं.

हा पुरावा कोर्टात टिकणार नाही. पण पणजीला लिहिता येत नव्हतं, मडमेचं नाव आमच्यात कुणाला ठाऊक नाही आणि तो एका पायाचा मोजाही कसरीनं खाल्ला. उरली ती फक्त दोरा धरायची रीत.

तुमच्या घरी कुणी विणत असेल तर दोरा कुठल्या हातात आहे ते बघा. आणि कुणी शिकवलं, हे आजच विचारून घ्या.