टाळूच्या खिडकीतून

१९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत एका नवजात मुलीचा जीव घुटमळत होता. पोटात असतानाच झालेली शी तिच्या फुप्फुसांत गेली होती आणि व्हेंटिलेटरचं काही चालत नव्हतं. आई मेक्सिकोहून आलेली, बाळ तिथंच ठेवून निघून गेलेली. परिचारिकांनी मुलीचं नाव ठेवलं एस्पेरान्सा, म्हणजे आशा. डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी तिचं रक्त नळीवाटे बाहेर घेतलं, यंत्रातून त्याला प्राणवायू दिला आणि ते परत शरीरात सोडलं. मुलगी वाचली. या यंत्रावर, म्हणजे एक्मोवर, वाचलेलं हे पहिलं नवजात बाळ.

हृदय-फुप्फुसांची सोय झाली. मेंदूकडे बघणार कोण?

काळजी फुकाची नव्हती. हे यंत्र जोडताना मेंदूकडे जाणारी मानेतली उजवी धमनी बहुधा बांधूनच टाकत. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून हेपारिन द्यायचं, तर मेंदूत रक्तस्राव होण्याची धास्ती. म्हणूनच ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना सहसा एक्मोवर घेत नाहीत. त्यात मूल गुंगीत, कधी स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाखाली. मेंदूत आकडी चालू असली तरी बोटसुद्धा हलत नाही. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी बेशुद्धी मोजण्याची पद्धत दिली होती, पण ती डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांवर बेतलेली. तोंडात नळी असलेल्या तान्ह्याला ती कशी लावायची? उरला टॉर्च. परिचारिका पापणी उचलून उजेड टाकायची आणि बाहुली बारीक होते का ते पाहायची. बाहुली मोठी होऊन तशीच राहिली, तर बहुतेकदा उशीर झालेला असे.

उपयोगी पडलेली साधनं मात्र भलत्याच कामांसाठी जन्मली होती. जर्मनीत येना इथं हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतली वीज टिपली आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. लोकांनी आधी फारसा विश्वास ठेवला नाही. विजेचा हा आलेख, म्हणजे ईईजी, वाचायला तज्ज्ञ लागे आणि कागदाचे ढीग साचत. लंडनमध्ये मेनार्ड आणि पामेला प्रायर यांनी तासन्‌तासांचा आलेख एका अरुंद पट्टीत बसवला, तोही मोठ्या माणसांसाठी. स्वीडनमधल्या लुंडच्या डॉक्टरांनी तो नवजात बाळांच्या डोक्याला लावला. १९७७ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या फ्रान्स योब्सिस यांनी दाखवलं की अवरक्त प्रकाश कवटीतून आरपार जातो आणि रक्तात प्राणवायू किती आहे ते सांगतो. आज मुलाच्या कपाळावर प्राणवायू मोजायला चिकटवतात ती छोटी पट्टी याच शोधातून आली.

या सगळ्यांत सरस ठरली टाळू. आजी तेल भरते तीच मऊ जागा. हाड अजून जुळलेलं नसतं, म्हणून सोनोग्राफीच्या लहरी सरळ आत जातात. यंत्राला जोडलेलं बाळ सीटी स्कॅनला न्यायचं म्हणजे जिवावरचं काम. इथं खाटेपाशीच मेंदूतला रक्तस्राव दिसतो. तो वाढत असेल, तर एक्मो थांबवायचा का, हा कठीण निर्णय त्या करड्या चित्राच्या आधारे घ्यावा लागतो.

१९९६ मध्ये ब्रिटनमधल्या १८५ बाळांवरच्या एक्मोच्या चाचणीचे निकाल आले. एक्मो मिळालेल्या गटातली ९३ पैकी ३० दगावली, नेहमीचे उपचार मिळालेल्या ९२ पैकी ५४. त्यांतल्या वाचलेल्या मुलांना सातव्या वर्षी पुन्हा तपासलं, तेव्हा शिकण्यातल्या अडचणी दोन्ही गटांत आढळल्या. संशोधकांनी दोष मुख्यतः मूळ आजाराला दिला, यंत्राला नाही.