लंडन मेट्रोत तिकिटाची रांग नको? आधी कार्डाची सेटिंग्ज बघा

हीथ्रोला तिकीट मशीनसमोर भलीमोठी रांग होती. मी सरळ गेटवर डेबिट कार्ड टेकवलं, तर लाल दिवा! रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार आधीपासून सुरू नसतात. बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही चालू करावे लागतात. हे घरूनच करा, तिथे ओटीपीसाठी रोमिंग लागतं.

मग तिकीट काढायचंच नाही. आत जाताना कार्ड टेकवा, बाहेर पडताना तेच कार्ड. आत कार्ड आणि बाहेर फोन केलंत, तर खातं एकच असलं तरी दोन अर्धवट प्रवास धरले जातात आणि दोन्हींचं कमाल भाडं कापलं जातं. दोघं असाल तर दोन कार्डं घ्या. बँकेचा परकीय चलन मार्कअप वेगळा.