रातचा गळ

आमचं जुनं गाव भीमेच्या काठाला होतं, पळसदेवच्या वरच्या अंगाला. 'होतं' म्हणतो, कारण आता तिथं उजनीचं पाणी आहे. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून वर येतं आणि पुण्या-मुंबईची माणसं फोटो काढायला येतात. आमच्या गावात वर येण्यासारखं एवढं मोठं काही नव्हतं. एक डोह होता, डोहाच्या कडेला बैलाच्या पाठीसारखा काळा खडक होता, आणि त्या खडकावर बसून माझा आजा रात्रीचे मासे धरायचा. त्या डोहाचं आणि त्या गळाचं हे सांगणं आहे.

आम्ही जातीचे भोई नव्हे, शेतकरी. पण आज्याची भोईआळीत ऊठबस होती आणि रातचा गळ तो त्यांच्याकडूनच शिकला. जाळं टाकणं भोयांचं काम, त्यांच्या पोटाचा प्रश्न. आपण गळाच्या पुढं जायचं नाही, हा त्यानं स्वतःच घालून घेतलेला नेम होता.

गळाची दोरी सुताची असायची. पांढरं सूत पाण्यात लवकर कुजतं, म्हणून आजा बाभळीच्या सालीचा काढा करून त्यात ती दोन दिवस बुडवून ठेवायचा. दोरी तांबडीकाळी व्हायची, टिकायची आणि पाण्यात उठून दिसायची नाही. काठी वेळूची. दिवसा तरंगायला ज्वारीच्या ताटातला भेंड लावायचा, पण रात्री भेंड दिसणार कसा? म्हणून काठीच्या शेंड्याला शेरडाच्या गळ्यातलं घुंगरू बांधलेलं असायचं. ते एकदा वाजलं तर हात लावायचा नाही. मासा चाखतोय. दुसऱ्यांदा वाजून दोरी ताणली की मग झटका.

कंदील सोबत असायचा, पण खडकाच्या मागं, वात बारीक करून. मी एकदा तो उचलून पाण्यावर धरला तर आज्यानं मनगट धरलं.

"आरं, तुला दिसावं म्हणून आलाय का माशाला दिसू नये म्हणून?"

अंधाऱ्या पंधरवड्यातच तो जायचा. शिंगाळ्याला खवलं नसतात, लांब मिशा असतात; तळाच्या गाळात तो मिशांनीच चाचपत खाणं शोधतो. त्याला अंधाराची अडचण नाही. त्याच्यासाठी गांडुळांचा झुबका आणि दोरीला शिशाचा गोळा, म्हणजे आमिष तळाला बसावं. वाम दिवसभर खडकाच्या कपारीत असते, रात्री बाहेर निघते. तिला एकच गांडूळ, कपारीच्या तोंडाशी. आणि मरळ. तिला जिता बेडूक. मांडीच्या कातडीतून गळ ओवायचा, मांसाला लावायचा नाही, म्हणजे बेडूक जिता राहतो. काठी काठावर रोवून दोरी आखूड ठेवायची. बेडूक पाण्याला नुसता टेकला पाहिजे. त्यानं पाय मारले की पाणी वाजतं आणि मरळ त्या आवाजावर येते.

पण बेडूक कुठं सोडायचा, हे खरं शिकणं होतं. मरळ कल्ल्यांबरोबर वरच्या हवेवरही जगते. दर थोड्या वेळानं ती वर येऊन घोट घेते, आणि शांत रात्री तो 'डुबुक' आवाज कळतो. आजा अर्धा-अर्धा तास नुसता ऐकत बसायचा. एकाच जागी दोनदा आवाज आला की मगच उठायचा.

पुढं शिकताना मला कळलं की हे शास्त्र लिहूनही ठेवलेलं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं सुमारे ११२९ साली 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला, त्यात मत्स्यविनोद नावाचं प्रकरण आहे. दोरी कशाची, काठी कशी, कोणत्या माशाला काय खाऊ घालावं, असं सगळं त्यात येतं. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरच्या पलीकडं. वाचून मला वाटलं, नऊशे वर्षांपूर्वी राजाला हे कोणी सांगितलं असेल? कोणी तरी भोयानंच की! राजाचा तो विनोद होता, सांगणाऱ्याचं ते जेवण असणार.

आता माझ्या हातून झालेलं सांगतो. आषाढ-श्रावणात आजा बेडकाचा गळ गुंडाळून आढ्याला टांगायचा. ओढा नदीला मिळतो तिथं थांबलेल्या पाण्यात, पानकणसाच्या कडेला, मरळीची पिल्लं निघायची. शेंदरी रंगाची, शेकड्यानं, पाणी उकळतंय असं वाटावं अशी. खाली त्यांचे आईबाप राखण करतात आणि जवळ येईल त्याच्यावर धावतात. म्हणूनच तेव्हा मरळ धरणं फार सोपं. कौशल्य लागतच नाही. मी पंधरा वर्षांचा होतो. आज्याला न सांगता गळ काढला आणि पिल्लांच्या मधोमध बेडूक सोडला. घुंगरू चाखण्यासाठी वाजलंच नाही, काठीच वाकली. माझ्या दंडाएवढी मरळ निघाली. मी ती मिरवत घरी आणली.

आज्यानं बघितली. काही बोलला नाही, जेवायला मात्र बसला नाही. दुसऱ्या संध्याकाळी मला ओढ्यावर घेऊन गेला. शेंदरी घोळका निम्माही राहिला नव्हता, बाकीचे मासे त्यात तोंड घालत होते. तिसऱ्या दिवशी पाणी नुसतं पाणी होतं.

"आता मोज," आजा म्हणाला. "तू किती मासं मारलंस?"

त्या वर्षी त्यानं मला खडकावर नेलं नाही.

उजनीचं काम १९६६ साली सुरू झालं होतं आणि १९८० साली पुरं झालं. पाणी त्याच्या आधीच चढायला लागलं. बैलाच्या पाठीएवढा खडक बुडायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. नदी गेली आणि तिच्या जागी नजर पोचणार नाही एवढा जलाशय आला. आजा काठावर यायचा, बघायचा, परत जायचा. "ह्या पाण्याची आपली वळख न्हाय," म्हणायचा. त्यात त्यानं एकदाही गळ टाकला नाही.

मी टाकला. गळ नव्हे, जाळं. जमीन गेली होती, बदली मिळालेल्या जमिनीला पाणी नव्हतं. आज्याचा नेम पाळायची ऐपत उरली नव्हती. तंगुसाची जाळी आली होती. तंगूस कुजत नाही, काढा लागत नाही, पाण्यात दिसत नाही. दिवस मावळता ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं लावायचं आणि झुंजुमुंजूला काढायचं. मासा अंधारात काठाकडं येतो, डोकं भोकातून जातं, मागं सरला की कल्ले अडकतात. माणसानं काही ऐकायचं नाही, काही ओळखायचं नाही. मी रातभर झोपायचो आणि जाळं जागं राहायचं.

मासेही नवे होते. कटला, रोहू, मृगळ ही गंगेकडची जात. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची पैदास तळ्यात करून दाखवली. त्याआधी बीज मुख्यतः नदीतून गोळा करावं लागे. त्या शोधामुळं धरणाधरणांत बीज सोडणं सोपं झालं. मग चिलापी वाढली. ती मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आणलेली. आपली अंडी-पिल्लं ती तोंडात घेऊन राखते. पहिल्यांदा जाळ्यातल्या चिलापीच्या तोंडातून पिल्लं सांडली तेव्हा मला ओढा आठवला. पण दोन पोरींची लग्नं मी ह्याच माशांवर केली, भिगवणच्या बाजारात पाट्या उतरवून. तेव्हा जाळ्याला मी नावं ठेवणार नाही. मात्र सुरुवातीला आमच्या जाळ्याची भोकं चार बोटांची होती. मासा लहान होत गेला तशी ती तीन बोटांची झाली, मग दोन. ती लहान करणारे आम्हीच होतो.

मागच्या उन्हाळ्यात नातू आला. बारामतीला शिकतो. डोक्याला बांधायची बॅटरी, गरगर फिरणारं रीळ, आणि एक प्लास्टिकचा बेडूक. पोकळ, हिरवा, खाली रबरी शेपट्या, दोन गळ पाठीला चिकटून वर तोंड केलेले, म्हणजे शेवाळात अडकू नयेत. मरळीसाठीच म्हणे. मासा चावला की बेडूक दबतो आणि गळ लागतो. मी तो बराच वेळ हातात धरून बघितला. करणाऱ्यानं मरळ ओळखली होती.

रात्री काठावर गेलो. त्यानं बॅटरी लावली आणि विचारलं, "आजोबा, कुठं टाकू?"

"आधी ती बत्ती मालव," मी म्हणालो.

बसलो. पहिली दहा मिनिटं त्याला निघेनात. तो सारखा मोबाईलकडं हात नेत होता. मग डाव्या हाताला, पानकणसाच्या कडेला, 'डुबुक' झालं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. थोड्या वेळानं पुन्हा तिथंच.

"आता टाक," मी म्हणालो. "पण श्रावणात हा बेडूक माझ्याकडं आणून द्यायचा. का, ते घरी गेल्यावर सांगतो."