अलगतावाद आणि हस्तक्षेपवाद : अमेरिकी परराष्ट्र धोरणातील वाद

बाहेरच्या, विशेषतः यूरोपातल्या, भांडणांत अमेरिकेने पडावे की दोन महासागरांच्या आड आपले घर सांभाळावे, यावर त्या देशात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेला वाद. अलगतावादी म्हणवल्या गेलेल्यांपैकी फारच थोड्यांना जगाशी संबंध तोडायचे होते. व्यापार त्यांना हवाच होता. कित्येकांना मध्य अमेरिकेत उतरणारे नौसैनिकही खटकत नव्हते. त्यांचा खरा आक्षेप कायमच्या करारांनी हात बांधून घेण्याला होता. युद्धाचा निर्णय राष्ट्राध्यक्षाने घ्यायचा की काँग्रेसने, हा प्रश्नही या वादात आरंभापासून गुंतलेला आहे, आणि आजवर टिकला आहे तो मुख्यतः तोच.

जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७९६ मधील निरोपाच्या निवेदनात कायमच्या युतींपासून दूर राहण्याचा सल्ला आहे. त्यावेळी फ्रान्सशी १७७८ साली केलेली युती नव्या प्रजासत्ताकाच्या गळ्याशी आली होती. अडचणीच्या वेळी तात्पुरती युती करायला मात्र वॉशिंग्टन यांची हरकत नव्हती. गुंतवून टाकणाऱ्या युतींविषयीचे सुप्रसिद्ध शब्द त्यांच्या नावावर सर्रास खपवले जातात. ते टॉमस जेफरसन यांच्या १८०१ मधील भाषणातले आहेत. मन्रो सिद्धांताने (१८२३) यूरोपीय सत्तांना अमेरिका खंडांत नव्या वसाहती करण्यास मज्जाव केला. हा मज्जाव पुढे अनेक दशके पाळला गेला, त्याचे बरेचसे श्रेय ब्रिटिश आरमाराकडे जाते. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धानंतर दोन कोटी डॉलर मोजून फिलिपीन्स ताब्यात घेण्यात आले, तेव्हा अँड्रयू कार्नेगी, आणि पुढे मार्क ट्वेनही, साम्राज्यविरोधी संघाच्या बाजूने उभे राहिले. सिनेटने मात्र ५७ विरुद्ध २७ मतांनी तह मान्य केला. दोन-तृतीयांशांसाठी लागणाऱ्या मतांपेक्षा ते एकच जास्त होते.

पहिल्या महायुद्धापासून देशाला दूर ठेवल्याच्या प्रचारावर वुड्रो विल्सन १९१६ ची निवडणूक जिंकले आणि एप्रिल १९१७ मध्ये त्यांनीच युद्धात उडी घेतली. खरी झुंज त्यानंतर व्हर्सायच्या तहावरून झाली. त्या तहाचाच भाग असलेल्या राष्ट्रसंघाच्या सनदेतील दहाव्या कलमानुसार सभासदांनी एकमेकांच्या प्रादेशिक अखंडतेची हमी घ्यायची होती. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष हेन्री कॅबट लॉज यांना काँग्रेसच्या संमतीविना असे कोणतेही बंधन नको होते. विल्यम बोरा आणि त्यांच्यासारखे डझन-दीड डझन सदस्य तर कोणत्याही अटींवर संघ स्वीकारायला तयार नव्हते. ब्रिटन, त्याची चार स्वायत्त वसाहती राज्ये आणि हिंदुस्थान मिळून ब्रिटिश साम्राज्याला संघात सहा मते पडतात आणि अमेरिकेला एकच, ही तक्रार सभांमधून गाजली. त्यातले हिंदुस्थानचे मत हिंदी जनतेचे नव्हतेच. लोकमान्य टिळकांनी १९१९ च्या आरंभी लंडनहून विल्सन यांना पत्र लिहून स्वयंनिर्णयाचे तत्त्व हिंदुस्थानलाही लागू करण्याची मागणी केली, तेव्हा विल्सन यांच्या चिटणिसाकडून आलेले उत्तर सौजन्याचे पण मोघम होते.

लोकमत आपल्या बाजूला वळवण्यासाठी दौऱ्यावर निघालेले विल्सन सप्टेंबर १९१९ मध्ये कोलोरॅडोतील प्वेब्लो येथे कोसळले आणि आठवड्याभरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. लॉज यांच्या राखीव अटींसह तह मान्य करू नका, असे त्यांनी आजारपणातूनही आपल्या पक्षाला बजावले. १९ मार्च १९२० च्या अखेरच्या मतदानात ४९ विरुद्ध ३५ मते पडली आणि तह सात मतांनी हुकला. अलगतावाद्यांनी राष्ट्रसंघ बुडवला असे पाठ्यपुस्तकांत वाचायला मिळते, पण त्यांच्या जोडीला विल्सननिष्ठांची मते नसती तर तह अटींसह का होईना पार पडला असता.

मंदीच्या काळात पारडे अलगतावाद्यांकडे झुकले. नॉर्थ डकोटाचे सिनेटर जेरल्ड नाय यांच्या समितीने १९३४ पासून शस्त्रकारखानदार आणि बँका यांच्या महायुद्धातील नफ्याची चौकशी केली. त्यांनीच कट करून देशाला युद्धात ओढले असे सिद्ध झाले नाही, तरी लोकांच्या मनात ते पक्के बसले. १९३५ ते १९३७ या काळात तटस्थतेचे कायदे होऊन युद्धमान देशांना शस्त्रे आणि कर्जे देण्यावर बंदी आली. स्पेनच्या यादवीत या तटस्थतेचा फटका प्रजासत्ताकालाच बसला, कारण फ्रँको यांना जर्मनी आणि इटली सढळ हाताने रसद पुरवत होते. देशावर हल्ला झालेला नसेल तर युद्धाचा निर्णय सार्वमताने घ्यावा, अशी लुडलो यांची घटनादुरुस्ती होती. जानेवारी १९३८ मध्ये ती चर्चेला घेण्याचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात २०९ विरुद्ध १८८ मतांनी पडला.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पडल्यानंतरच्या दीड वर्षात हा वाद जितका कडवट झाला तितका व्हिएतनामपर्यंत पुन्हा झाला नाही. कॅन्ससमधील एका लहान गावचे संपादक विल्यम ॲलन व्हाइट यांनी मे १९४० मध्ये मित्रराष्ट्रांना मदत देण्यासाठी समिती काढली. तिच्यातील सहकारी युद्धाच्या फारच जवळ सरकताहेत असे वाटून १९४१ उजाडताच त्यांनी स्वतःच तिचे अध्यक्षपद सोडले. समोर होती येल विद्यापीठातील विधीच्या विद्यार्थ्यांपासून सुरू झालेली 'अमेरिका फर्स्ट' समिती. तिची स्थापना सप्टेंबर १९४० ची, अध्यक्ष सीअर्स रोबक कंपनीचे जनरल रॉबर्ट वुड आणि सदस्यसंख्या सुमारे आठ लाख. तिला केवळ उजव्यांची टोळी म्हणणे बरोबर नाही. समाजवादी नेते नॉर्मन टॉमस तिच्या व्यासपीठावर बोलले, जेरल्ड फोर्ड आरंभीच्या सदस्यांत होते आणि तरुण जॉन केनेडी यांनी तिला शंभर डॉलर पाठवले होते.

मार्च १९४१ मध्ये लेंड-लीज कायदा झाला आणि ब्रिटनला उधारीवर शस्त्रे मिळू लागली. सक्तीने भरती केलेल्या सैनिकांची मुदत वाढवण्याचे विधेयक मात्र १२ ऑगस्टला प्रतिनिधिगृहात २०३ विरुद्ध २०२, म्हणजे एका मताने तरले. सभापती सॅम रेबर्न यांनी निकाल जाहीर केला आणि नियमांच्या आधारे फेरविचाराची वाट बंद करून टाकली. छावण्यांच्या भिंतींवर तेव्हा 'ओहायो' असे खडूने लिहिलेले दिसे. ऑक्टोबर आला की पळून जाऊ, असा त्या आद्याक्षरांचा अर्थ होता. पर्ल हार्बरवरील जपानी हल्ल्याला तेव्हा चार महिनेही उरले नव्हते.

११ सप्टेंबरच्या रात्री दोन्ही बाजू आपापल्या वाईट रूपात दिसल्या. ग्रीअर या विनाशिकेवर जर्मन पाणबुडीने विनाकारण हल्ला केल्याचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी रेडिओवरून सांगितले. ही विनाशिका त्या पाणबुडीचा माग काढत होती आणि ब्रिटिश विमानाला तिचा ठावठिकाणा कळवत होती, हे त्यांनी सांगितले नाही. त्याच रात्री आयोवातील डे मॉइन येथे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी देशाला युद्धाकडे ढकलणारे तिघे म्हणून ब्रिटिश, ज्यू आणि रूझवेल्ट सरकार यांची नावे घेतली. या ज्यूद्वेषी भाषणाने समितीची अब्रू गेली ती कायमची. ८ डिसेंबरला जपानविरुद्धचा युद्धठराव प्रतिनिधिगृहात ३८८ विरुद्ध एक अशा मतांनी संमत झाला. विरोधातले ते मत माँटॅनाच्या जेनेट रँकिन यांचे होते. त्यांनी १९१७ मध्येही नकारच दिला होता. मतदानानंतर चिडलेल्या जमावापासून वाचण्यासाठी त्यांना टेलिफोनच्या खोलीत शिरावे लागले.

युद्धाच्या अखेरीपासून अलगतावाद ओसरला. मिशिगनचे सिनेटर आर्थर व्हँडेनबर्ग यांनी जानेवारी १९४५ मध्ये आपली जुनी भूमिका जाहीरपणे सोडली. संयुक्त राष्ट्रांची सनद सिनेटने ८९ विरुद्ध दोन मतांनी मान्य केली आणि १९४९ मध्ये नाटो आली. सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांनी नाटोविरुद्ध मत दिले, पण १९५२ मध्ये त्यांना डावलून रिपब्लिकन पक्षाने आयझेनहौअर यांना उमेदवारी दिली.

वादाची दुसरी बाजू, म्हणजे निर्णय कोणाचा, ही मात्र वर आली ती व्हिएतनाममुळे. १९६४ चा टाँकिनच्या आखाताविषयीचा ठराव प्रतिनिधिगृहात एकमताने, तर सिनेटमध्ये ८८ विरुद्ध दोन मतांनी गेला होता. त्याच्या जोरावर जाहीर न केलेले युद्ध वर्षानुवर्षे चालले. यातूनच निक्सन यांचा नकाराधिकार झुगारून नोव्हेंबर १९७३ मध्ये युद्धाधिकार ठराव झाला. काँग्रेसने संमती दिली नाही तर साठ दिवसांत कारवाई आवरती घेण्याचे बंधन त्याने राष्ट्राध्यक्षावर घातले. नंतरच्या राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसला अहवाल पाठवले, बंधन मात्र फारसे मानले नाही. सप्टेंबर २००१ मध्ये लष्करी बळ वापरण्याच्या ठरावाला विरोध करणाऱ्या बार्बरा ली प्रतिनिधिगृहात एकट्याच होत्या. तोच ठराव पुढे इस्लामिक स्टेटसारख्या, तेव्हा नावही न ऐकलेल्या संघटनेविरुद्ध वापरला गेला. 'अमेरिका फर्स्ट' ही घोषणा पुन्हा उचलून २०१६ मध्ये निवडून आलेल्या डोनाल्ड ट्रंप यांनी इराक युद्धावर कडाडून टीका केली होती. येमेनमधील युद्धातून अंग काढून घेण्याचा काँग्रेसचा ठराव २०१९ मध्ये आणि इराणविरुद्धच्या कारवाईला संमती सक्तीची करणारा ठराव २०२० मध्ये त्यांनीच नकाराधिकार वापरून फेटाळला.